मालक लंडनला, खाण डोंगरात: अठराव्या शतकातल्या इंग्रज कारभाऱ्यांची पत्रं

अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये टपालाचे पैसे सहसा पत्र पाठवणारा भरत नसे. ज्याच्या हातात ते पडायचं, तो भरायचा. 1711 च्या कायद्याप्रमाणे 80 मैलांपलीकडच्या अंतराला एका कागदाचे 4 पेन्स पडत. दोन कागद असले की 8, तीन असले की 12. पाकीट वापरणं परवडत नसे, कारण पाकीट म्हणजे आणखी एक कागद. म्हणून एकाच मोठ्या तावावर लिहायचं, कोरी बाजू बाहेर येईल अशी घडी घालायची, लाखेचा ठिपका द्यायचा आणि त्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहायचा.

एवढी काटकसर असताना न्यूकॅसलसारख्या ठिकाणचा कारभारी लंडनमधल्या मालकाला पानंच्या पानं लिहून, वर हिशेब आणि हुंड्या जोडून कसा पाठवत होता? कारण मालक खासदार होता. पार्लमेंटच्या सभासदांच्या नावाची आणि त्यांच्या सहीने जाणारी पत्रं फुकट जात. सर वॉल्टर कॅल्व्हर्ली ब्लॅकेट 1734 पासून 1777 मध्ये मरेपर्यंत न्यूकॅसलचे खासदार होते, आणि उत्तर इंग्लंडमधल्या शिशाच्या मोठमोठ्या खाणीही त्यांच्याच ताब्यात होत्या. देशाची सेवा राहू द्या, नुसत्या टपालखर्चाचा विचार केला तरी ही खासदारकी वाया गेली नाही.

ही पत्रं आज वाचायला घेतली की पहिल्या दहा मिनिटांत कंटाळा येतो. भाव, वजनं, हुंड्या, पाऊस, कुणाची तरी थकबाकी, पुन्हा भाव. पण त्यांची भाषा एकदा उलगडली की लक्षात येतं की इथे दोन माणसांची शांत रस्सीखेच चालू आहे. एकाकडे मालकी आहे, दुसऱ्याकडे माहिती. पत्रात काय लिहायचं आणि काय नाही, हे माहितीवाला ठरवतो.

आधी जागा समजून घेऊ. न्यूकॅसलच्या पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला नॉर्थ पेनाइन्सचे उघडे, वाऱ्याने झोडपलेले डोंगर आहेत. ॲलनडेल, वियरडेल, ऑल्स्टन मूर ही तिथल्या दऱ्याखोऱ्यांची नावं. इथल्या खडकात गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज शिरांसारखं पसरलेलं आहे, आणि त्यात थोडी चांदीही असते. छपरं, नळ, बंदुकीच्या गोळ्या, पांढरा रंग, मातीच्या भांड्यांची झिलई, सगळ्याला शिसं लागायचं. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजंही ते पूर्वेला आणत. तळाशी वजन म्हणून उपयोगी आणि उतरवलं की विकायला माल, त्यामुळे सुरत-मुंबईच्या वखारींतही इंग्रजी शिसं येऊन पडायचं.

ब्लॅकेट घराण्याने सतराव्या शतकात कोळसा, व्यापार आणि शिशावर पैसा केला. 1728 मध्ये तिसरे सर विल्यम ब्लॅकेट वारले तेव्हा मागे कर्ज होतं आणि औरस मूल नव्हतं. मृत्युपत्रातली अट एखाद्या नाटकात शोभावी अशी होती: भाचा वॉल्टर कॅल्व्हर्ली याने माझ्या अनौरस मुलीशी, एलिझाबेथ ऑर्डशी, ठरलेल्या मुदतीत लग्न करावं, ब्लॅकेट हे आडनाव लावावं, मगच इस्टेट त्याची. भाच्याने दोन्ही केलं. 1777 नंतर वारसा यॉर्कशरमधल्या ब्रेटन हॉलच्या सर थॉमस यांच्याकडे गेला, आणि 1792 मध्ये त्यांची मुलगी डायना बोमाँट हिच्याकडे. थोडक्यात, मालक कधी लंडनला, कधी वॉलिंग्टनच्या वाड्यात, पुढे तर दुसऱ्याच परगण्यात. खाणीच्या तोंडाशी कुणीच नाही.

मग कारभार पाहायचं कुणी? मोठ्या इस्टेटीत कारभाऱ्यांची उतरंड असायची. न्यूकॅसलला मुख्य कारभारी, ॲलनहेड्ससारख्या ठिकाणी खाणीचा माणूस, ड्यूक्सफील्डसारख्या ठिकाणी भट्टीचा माणूस, आणि शेतीच्या कुळांकडून खंड वसूल करणारा वेगळा. खालचे वरच्याला लिहीत, वरचा मालकाला लिही. शतकाच्या अखेरच्या दशकांत मुख्य कारभारी होते जॉन इरॅस्मस ब्लॅकेट, घराण्याच्याच दुसऱ्या शाखेतले आणि चार वेळा न्यूकॅसलचे महापौर झालेले. ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सननंतर ज्याने सूत्रं हाती घेतली तो कॉलिंगवुड त्यांचा जावई. तेव्हा कारभारी म्हटल्यावर हात जोडून दाराशी उभा असलेला कारकून डोळ्यांसमोर आणू नका. यातले काही जण गावातले बडे लोक होते.

आता पत्राकडे येऊ. लंडनहून मोठ्या रस्त्यांवरचं टपाल आठवड्यातून तीन दिवस सुटायचं. प्रश्न जाऊन उत्तर यायला आठवडा ते दहा दिवस सहज लागत, आणि तेवढ्यात बाजारभाव हलायचा. म्हणून पत्रात सुटा निर्णय क्वचित असतो. भाव अमुकच्या वर गेला तर विका, नाहीतर गोदामात राहू द्या, असे जर-तरचे हुकूम असतात. व्हाइटहेवनच्या कोळशाचे मालक सर जेम्स लाउदर लंडनमध्ये बसून आपला कारभारी जॉन स्पेडिंग याच्याशी जवळजवळ प्रत्येक टपालाला लिहीत. एवढं लिहून आख्खं बंदर आणि खाणी लांबून हाकल्या गेल्या.

प्रत्येक पत्राची सुरुवात एकच: आपलं अमुक तारखेचं पत्र मिळालं. आपल्याकडच्या जुन्या पत्रांतलं ‘पत्र पावलें, मजकूर कळला’ आठवेल, पण इथे ते निव्वळ शिष्टाचारासाठी नसायचं. ही पोच होती. टपाल हरवायचं, फुटायचं, चुकीच्या गावी जायचं. कोणतं पत्र पोचलं ते तारखेने सांगितलं की कोणतं पोचलं नाही तेही कळायचं. त्याच कारणाने पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल एका जाड वहीत उतरवून ठेवत. सरकारी कचेरीतल्या जावक बारनिशीसारखीच ही वही, फक्त नुसती नोंद न करता संपूर्ण मजकूर लिहिलेली. आज आपल्या हाती जे उरलंय ते बरंचसं या वह्यांमुळे. त्यामुळे पुष्कळदा संवादाची एकच बाजू ऐकू येते, शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं तशी.

तारखांचा एक घोळ आहे, तो वेळीच समजून घेतलेला बरा. 1752 पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याने नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. म्हणजे 31 डिसेंबर 1739 नंतरचा दिवस 1 जानेवारी 1739च. ‘20 फेब्रुवारी 1739’ असं लिहिलेलं पत्र आपल्या हिशेबाने 1740 मधलं. काही जण शहाणपणाने ‘1739/40’ असं लिहीत. शिवाय ॲमस्टरडॅमची दिनदर्शिका 11 दिवस पुढे होती, आणि न्यूकॅसलचं शिसं तिकडे जायचं. हुंडीची मुदत कधी भरते यावरून भांडण नको म्हणून तारखा दोन्ही पद्धतींनी टाकाव्या लागत. सप्टेंबर 1752 मध्ये 2 तारखेनंतर थेट 14 आली आणि हा गोंधळ मिटला.

वजनांचं तर विचारूच नका. खनिज मोजायचं ‘बिंग’मध्ये: एक बिंग म्हणजे 8 हंड्रेडवेट, सुमारे 406 किलो. तयार शिसं मोजायचं ‘फोदर’मध्ये, मूळ अर्थ गाडीभर. पण गाडी कुठली? लंडनचा फोदर साडेएकोणीस हंड्रेडवेटचा, न्यूकॅसलचा 21 चा. फरक सुमारे 76 किलो. म्हणजे ‘फोदरला इतके पौंड’ हा भाव लंडनच्या पत्रात आणि न्यूकॅसलच्या पत्रात सारखा दिसला तरी सारखा नसायचा. नव्या मालकाला हे माहीत नसेल तर कारभाऱ्याची सोयच होती. गैरफायदा घेतला असं मी म्हणत नाही. पण मालकाने भाव विचारला आणि कारभाऱ्याने आकडा सांगितला, एवढ्याने दोघं एकच बोलले असं होत नाही.

सगळ्यात गुंतागुंतीची आणि मला सगळ्यात रंजक वाटणारी गोष्ट म्हणजे पैसा एका गावाहून दुसऱ्या गावी कसा जायचा ती. शिसं विकलं जायचं लंडनला किंवा हॉलंडला. मजुरी द्यायची डोंगरात, आणि तीही नाण्यांत. नाण्यांचा देशभर तुटवडा. सोन्याचांदीची पेटी घोड्यावर टाकून 280 मैल पाठवणं म्हणजे वाटमाऱ्याला आमंत्रण. उपाय होता तोच, जो आपल्या सावकारांना आणि सराफांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता: हुंडी.

समजा लंडनच्या दलालाने ब्लॅकेटचं शिसं विकलं आणि त्याच्याकडे कारभाऱ्याचे 200 पौंड जमा आहेत. इकडे न्यूकॅसलमधल्या एखाद्या कापडवाल्याला लंडनमध्ये 200 पौंड चुकते करायचे आहेत. कारभारी त्या दलालावर हुंडी लिहितो: हा कागद दाखवल्यावर इतक्या दिवसांनी अमुकला 200 पौंड द्यावेत. कापडवाला ही हुंडी रोख पैसे मोजून घेतो आणि लंडनला पाठवतो. त्याचं देणं तिकडे फिटलं, कारभाऱ्याला इकडे नाणी मिळाली, रस्त्यावरून एकही पौंड गेला नाही. शेतीचा खंड उलट दिशेने, गावाकडून लंडनच्या मालकाकडे, जायचा तोही असाच. लंडनला गुरं हाकत नेणारे व्यापारी त्यात उपयोगी पडायचे. ते गावात रोख घेत आणि तिकडे गुरं विकून पैसे देत.

कागदोपत्री चोख दिसणारी ही व्यवस्था विश्वासावर टांगलेली होती. हुंडीवर ज्याचं नाव आहे तो बुडाला तर? जून 1772 मध्ये लंडनमधली एक पेढी बुडाली, पाठोपाठ स्कॉटलंडची एअर बँक कोसळली, आणि कुणाची हुंडी धरावी कुणाची नाही हेच कळेना. शिवाय हुंडी जोडली की पत्राचे कागद वाढले, टपाल दुप्पट झालं. खासदार मालकाची फुकट टपालाची सोय इथे खरी कामाला यायची.

खाणकामगारांशी व्यवहारही आपल्या कानाला ओळखीचा वाटेल. रोजंदारी नव्हती. चार ते आठ जणांची टोळी ठरावीक मुदतीसाठी खाणीचा एक तुकडा अंगावर घ्यायची आणि बिंगामागे अमुक शिलिंग असा सौदा ठरायचा. याला ते ‘बार्गेन’ म्हणत. खडक कठीण, शीर बारीक असेल तर दर जास्त. शीर भरघोस असेल तर कमी. साहजिकच शीर लागत नाही असं सांगण्यात टोळीचा फायदा, आणि ती लागते आहे हे ओळखण्यात कारभाऱ्याचा. पूर्ण हिशेब वर्षातून एकदा-दोनदाच व्हायचा, कधी त्यालाही उशीर. मधल्या काळात घर चालावं म्हणून उचल मिळायची. वर्षअखेर दर कमी पडला, शीर आटली, तर उचल जास्त आणि कमाई कमी, म्हणजे माणूस मालकाच्या कर्जात. आपल्याकडच्या ऊसतोड टोळ्यांची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

धान्य महागलं की कारभारी घाऊक धान्य घेऊन कामगारांना देत आणि ते त्यांच्या नावे मांडत. यात माणुसकी असेलही. पण जून 1740 मध्ये धान्याच्या भावावरून चिडलेल्या जमावाने न्यूकॅसलचं गिल्डहॉल, म्हणजे नगरसभागृह, फोडलं होतं, आणि ती आठवण कुठल्याच कारभाऱ्याला विसरता आली नसणार.

मग हवामान. पत्रांत पावसापाण्याच्या ओळी येतात त्या गप्पा म्हणून वगळू नयेत. भट्टीचे भाते पाण्याच्या चाकावर चालायचे. दुष्काळात ओढा आटला, चाक थांबलं. कडाक्याच्या थंडीत ओढा गोठला, तरी चाक थांबलं. खनिज आणि शिसं वाहायचं काम ‘गॅलोवे’ नावाची बुटकी, चिवट तट्टं करायची. गवत कापणीच्या दिवसांत त्यांचे मालक शेतात, वाहतूक ठप्प. पावसाळी हिवाळ्यात वाटा दलदलीच्या, वाहतूक पुन्हा ठप्प. वर्षातले थोडेच महिने सगळं एकाच वेळी चालायचं. नोव्हेंबर 1771 मध्ये टाइन नदीला असा पूर आला की न्यूकॅसलच्या जुन्या पुलासह नदीवरचे पूल वाहून गेले. टिकला तो कॉर्ब्रिजचा. हेक्सॅमला त्यानंतर प्रसिद्ध अभियंता जॉन स्मीटनने नवा पूल बांधला, तो 1782 च्या पुरात पडला.

हा स्मीटन आपल्या विषयाचाच माणूस आहे. ऑल्स्टन मूरची जमीन मुळात डरवेंटवॉटरच्या अर्लची. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या 1715 च्या जॅकोबाइट बंडात तो सामील झाला, 1716 मध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं, इस्टेट जप्त झाली आणि 1735 मध्ये ती ग्रिनिच हॉस्पिटलला, म्हणजे नौदलाच्या म्हाताऱ्या आणि जखमी खलाशांच्या आश्रमाला दिली गेली. पेनाइन्समधल्या शिशावर लंडनचे खलाशी जेवू लागले. 1764 च्या अखेरीपासून काही वर्षं या उत्तरेकडच्या इस्टेटीच्या दोन कारभाऱ्यांपैकी एक स्मीटन होता. आता मालक म्हणजे एक माणूस नव्हता, समिती होती, आणि समितीला लिहिलेलं पत्र वेगळंच असतं. मालकाला ‘मला असं वाटतं’ लिहून चालायचं. समितीला आकडे, नकाशे, पर्याय द्यावे लागत. नेंट नदीखालून पाणी काढणारा लांबलचक बोगदा 1776 मध्ये सुरू झाला तो याच काळात. एक पिढी खर्च करणार, फायदा झालाच तर पुढचीला. अशा कामाला मंजुरी मिळवायची तर लेखणी चालवता आली पाहिजे.

हिशेबाबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण मी स्वतः तो बरीच वर्षं बाळगला. कारभाऱ्याच्या वार्षिक हिशेबाच्या वह्या पाहिल्या की वाटतं इथे नफातोटा सापडेल. सहसा सापडत नाही. पद्धत अशी: वर्षभरात जे जे वसूल व्हायला हवं ते सगळं कारभाऱ्याच्या अंगावर टाकायचं, मग हाती आलेलं असो वा नसो. त्यासमोर त्याने केलेला खर्च, मालकाला पाठवलेले पैसे आणि कुळांकडची थकबाकी मांडायची. उरेल ती रक्कम कारभारी देणं लागतो. या हिशेबाने कारभारी प्रामाणिक आहे का ते कळतं. खाण परवडते का, ते कळत नाही. अनेकदा त्याच्याकडून जामीनही घेतलेले असत, तेही याच कारणाने. खाण परवडते का हा प्रश्न पत्रांतच सोडवला जायचा, शब्दांत, आणि शब्द कारभाऱ्याचे.

कशाबद्दल तक्रार करायची हेही तोच ठरवायचा. भट्टीच्या धुराने आसपासचं गवत विषारी होऊन जनावरं दगावत. शेतकरी भरपाई मागायला आला की विषय पत्रात यायचा, तोवर नाही. 9 मार्च 1761 ला हेक्सॅममध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध जमलेल्या लोकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, पन्नासच्या आसपास माणसं मेली. अशा घटना कारभाराच्या भाषेत उतरताना किती बारीक होतात, हे पाहण्यासारखं असतं. माणसं कामावर कधी परततील, एवढाच भाग कारभाराचा.

आता सगळं एकत्र करून पाहू. खालचं पत्र मी रचलेलं आहे, कुठल्याही वहीतलं नाही, पण घाट तसाच ठेवला आहे:

‘महाशय, आपलं 14 तारखेचं पत्र मिळालं. तीन आठवडे कडाका आहे, चाक फिरत नाही. इथल्या व्यापाऱ्यांचं म्हणणं की वसंतात भाव चढेल, तरी आपली आज्ञा असेल तसं करू. 200 पौंडांची हुंडी सोबत आहे. हिशेबाचा दिवस जवळ आल्याने माणसं अधीर आहेत. पश्चिमेच्या शिरेत लक्षण बरं दिसतं. उत्तरेच्या रानातली थोडी पाखरं गाडीवाल्याबरोबर पाठवली आहेत. आपला अत्यंत आज्ञाधारक आणि नम्र सेवक.’

चाक फिरत नाही, म्हणजे या महिन्यात शिसं कमी येईल आणि दोष माझा नाही. व्यापाऱ्यांचं म्हणणं, म्हणजे माझंही तेच मत आहे, पण भाव पडला तर ते व्यापाऱ्यांचं होतं. माणसं अधीर आहेत, म्हणजे दोनशे पौंड तुम्हाला पाठवले खरे, पण आता इथे रोख लागणार आहे, पुढच्या महिन्यात मागू नका. पश्चिमेच्या शिरेत लक्षण बरं दिसतं, म्हणजे तिथे बोगदा पुढे न्यायचा आहे आणि त्याच्या खर्चाचं पत्र लवकरच येईल. पाखरं म्हणजे पाखरंच. मालकाच्या लंडनच्या जेवणाच्या टेबलावर डोंगरातलं काहीतरी अधूनमधून पोचलेलं बरं.

मालकाने यावर काय उत्तर दिलं? ते पत्र बहुधा हरवलेलं असतं. मग वहीचं पान उलटायचं आणि पुढच्या पत्राची पहिली ओळ वाचायची: आपलं 29 तारखेचं पत्र मिळालं, पश्चिमेच्या शिरेबद्दल आपण लिहिलंत त्याप्रमाणे.